न दिसणारी खूण आणि मध्यस्थाची मजुरी

चोरी म्हणजे काय, हे विचारण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही. घरात एक वस्तू होती, रात्री कुणी आत शिरले, सकाळी ती वस्तू नाहीशी झाली. एवढ्यावरून आपण चोरी ओळखतो. परंतु जी रक्कम धन्याच्या हाती कधी आलीच नव्हती, जी आपल्याला येणे होती हे त्याला ठाऊकही नाही, आणि जी दुसऱ्याच्या पदरात पडल्यामुळे विकणाऱ्याचा वा घेणाऱ्याचा एक पैसाही अधिक गेला नाही, अशी रक्कम चोरीला जाऊ शकते काय? प्रश्न कोड्यासारखा वाटतो. पण आज आपल्या घरांतील अनेक तरुण-तरुणी ज्या व्यवहारातून संसाराला हातभार लावतात, त्या व्यवहाराच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू या.

समजा, चेन्नईच्या अडयार भागात एक मराठी कुटुंब राहते. पतीच्या नोकरीमुळे ते मुंबईहून तेथे गेले. गृहिणीने शेजारणींकडून इडली-डोशाचे पीठ दगडी वेट ग्राइंडरवर वाटण्याची रीत शिकून घेतली आणि महाराष्ट्रातील मैत्रिणींसाठी ती मराठीतून समजावून सांगू लागली. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; तेव्हा त्यातला कोणता घ्यावा, असे विचारणारेही पुष्कळ. तिने तीन यंत्रे महिनाभर वापरून पाहिली. दगड किती जड, आवाज किती, धुवायला सोपे की अवघड, पीठ तापते की नाही, याची टिपणे काढली, एक चित्रफीत तयार केली आणि तिच्याखाली एका ऑनलाइन दुकानाची लिंक दिली. नागपूरच्या एका भगिनीने ती चित्रफीत पाहिली, लिंक उघडली आणि ६,००० रुपयांचे यंत्र घ्यायचे ठरवले. दुकानाने ५ टक्के कमिशन कबूल केले आहे असे धरले, तर आपल्या गृहिणीला ३०० रुपये मिळावयास हवेत. यालाच ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. नाव नवे असले तरी धंदा जुनाच आहे: गिऱ्हाईक आणून द्यावे आणि दलाली घ्यावी.

जुन्या बाजारपेठेत दलाल गिऱ्हाइकाला बरोबर घेऊन दुकानाची पायरी चढे आणि दुकानदार त्याला डोळ्यांनी पाही. येथे नागपूरची ग्राहक, अडयारची मध्यस्थ आणि दुकानदार यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. मग कुणाला कुणी आणले हे कळावे कसे? त्यासाठी लिंक उघडताच ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी नोंद ठेवली जाते. तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी ही युक्ती काढली. संकेतस्थळाला आलेल्या पाहुण्याची आठवण राहावी, एवढाच तिचा मूळ उद्देश होता. १९९६ साली ॲमेझॉनने, ती कंपनी केवळ पुस्तके विकत होती त्या काळात, आपली सहयोगी योजना सुरू केली आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्यांना कमिशन देण्याची प्रथा जगभर पसरली. ग्राहक पैसे भरतो तेव्हा दुकानाची यंत्रणा ती नोंद वाचते आणि तीवर ज्याचे नाव असेल त्याच्या खात्यावर कमिशन मांडते. नोंदीला मुदत असते. ॲमेझॉनच्या योजनेत ती साधारणपणे २४ तासांची आहे. आणि बहुतेक ठिकाणी नियम असा की, एकाहून अधिक मध्यस्थांच्या नोंदी असतील तर शेवटची ग्राह्य धरावी.

या 'शेवटची' शब्दातच सारी मेख आहे. नागपूरची भगिनी पैसे भरण्याच्या पानावर पोहोचते. तिच्या ब्राउझरला एक फुकटचे साधन जोडलेले आहे. ते सवलतीची कूपने शोधून देण्याचे आश्वासन देते. नेमक्या त्या वेळी ते पुढे येते आणि विचारते, 'कूपन शोधू का?' ती होकार देते. कूपन सापडो वा न सापडो, पडद्याआड त्या साधनाची स्वतःची लिंक उघडली जाते, त्याची कुकी ठेवली जाते आणि अडयारच्या गृहिणीच्या नावाला काही अर्थ उरत नाही. ३०० रुपये साधनाच्या मालकाच्या खात्यावर जमा होतात. ग्राहकाला काही कळत नाही. गृहिणीलाही काही कळत नाही. आपली चित्रफीत पाहून कुणी यंत्र घेतले नसावे, एवढेच तिला वाटते. दुकानाला ३०० रुपये द्यायचेच होते; ते त्याने दिले.

हे केवळ कल्पनेतले उदाहरण नव्हे. अशा हातचलाखीचा सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतील ईबे या कंपनीच्या संदर्भात झाला. शॉन होगन आणि ब्रायन डनिंग हे तिचे सर्वाधिक कमिशन मिळवणारे दोन सहयोगी होते. त्यांच्या यंत्रणा लोकांच्या संगणकांत, त्या लोकांनी ईबेची कोणतीही जाहिरात उघडलेली नसताना, गुपचूप कुकी पेरून ठेवत. पुढे त्यांतला कुणी आपणहून ईबेवर काही खरेदी केली की कमिशन यांच्या खात्यावर पडे. होगन यांना अशा रीतीने काही वर्षांत सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर कमिशन मिळाले होते. २००८ साली ईबेने दिवाणी दावा लावला, नंतर फौजदारी खटला झाला, दोघांनी गुन्हा कबूल केला, आणि २०१४ साली होगन यांना ५ महिन्यांची व डनिंग यांना १५ महिन्यांची कैद झाली.

दुसरे प्रकरण अलीकडचे. कूपने शोधणारे हनी हे साधन पेपाल कंपनीने २०२० साली सुमारे ४०० कोटी डॉलरना घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग या नावाने चित्रफिती करणाऱ्या एका यूट्यूबरने आरोप केला की, ते साधन इतरांच्या कमिशनच्या खुणा पुसून स्वतःची खूण ठेवते. ज्यांनी पैसे घेऊन या साधनाची जाहिरात केली त्यांचेही कमिशन त्याच साधनाकडे वळले, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर अनेक निर्मात्यांनी अमेरिकेच्या न्यायालयांत दावे दाखल केले. कंपनीचे उत्तर असे होते की, शेवटच्या खुणेला कमिशन देणे ही या धंद्याची सर्वमान्य रीत आहे आणि आम्ही त्या रीतीनेच वागतो. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या साधनांसाठी नियम कडक केले: ग्राहकाला प्रत्यक्ष काही लाभ देत नसताना कमिशनची लिंक घुसवू नये. पेपालचे एक मोठे तंत्रज्ञान केंद्र चेन्नईत आहे. या प्रकरणाशी त्या केंद्राचा संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. पण जो प्रश्न आपल्याला दूर अमेरिकेतला वाटतो, तो जेथे आपलीही मुले नोकरीला आहेत त्या कचेऱ्यांच्या दाराशी उभा आहे, एवढे ध्यानात यावे.

आता कायद्याकडे वळू. १८३४ च्या जून महिन्यात टॉमस मेकॉले मद्रासच्या किनाऱ्यावर उतरले. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला. तो १८६० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहितेने तिची जागा घेतली. परंतु चोरीची व्याख्या बहुतांशी तीच राहिली. जंगम मालमत्ता, दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. या व्याख्येत आपल्या गृहिणीचे ३०० रुपये बसत नाहीत, कारण ते तिच्या ताब्यात कधी नव्हतेच. मग ही फसवणूक म्हणावी काय? फसवणुकीच्या व्याख्येत कुणाला तरी भुलवून त्याच्याकडून मालमत्ता काढून घेतलेली असावी लागते, किंवा भुललेल्या माणसाचेच नुकसान झालेले असावे लागते. येथे भुलवले गेले दुकान, आणि दुकानाचे नुकसान काही झाले नाही. गृहिणीचे नुकसान झाले, पण तिला तर कुणी भुलवलेच नाही. दोन कलमांच्या मधल्या फटीतून तिचे दुःख खाली गळून पडते. ईबेच्या खटल्यात शिक्षा झाली, कारण तेथे नाहक पैसे गेले ते मोठ्या दुकानाचे. जेथे केवळ लहान मध्यस्थाचे गेले, तेथे दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. आणि ३०० रुपयांसाठी तो रस्ता कोण चालणार?

परंतु कायद्याची व्याख्या जेथे संपते तेथे नीतीचा विचार संपत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेण्याची मनाई आहे. ती मजुरी मजुराच्या ताब्यात आलेली नसते. तरीही ती त्याची आहे. ती केव्हा त्याची झाली? धन्याने थैलीतून नाणे काढून दिले तेव्हा नव्हे, तर ठरल्याप्रमाणे त्याने काम पुरे केले तेव्हा. ताबा आणि हक्क या दोन गोष्टी आहेत, आणि गरिबाचा हक्क बहुधा ताब्याच्या आधी जन्मतो. म्हणून ताब्यावर उभी असलेली चोरीची व्याख्या ज्याच्या घरात वस्तू आहेत त्याचे संरक्षण चांगले करते. ज्याच्यापाशी केवळ श्रम आहेत त्याचे तेवढे करीत नाही. अडयारच्या गृहिणीने महिनाभर पीठ वाटले, टिपणे काढली, ग्राहकाला दुकानापर्यंत आणले. नागपुरात खरेदी पुरी झाली त्या क्षणी ते ३०० रुपये तिचे झाले. ते वाटेत वळवणे म्हणजे तिच्या घरातून उचलण्यापेक्षा कमी नव्हे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. शेवटच्या खुणेला कमिशन, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. गृहिणीनेही योजनेत नाव घालताना तो मान्य केला आहे. मग शेवटी आलेल्याने कमिशन घेतले तर अन्याय कोठे? आपल्यापैकी कुणाला येथे द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखलाही आठवेल. दिवस मावळताना आलेल्यांना तेथे दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी मिळाली, आणि पहिल्यांची कुरकुर धन्याने मानली नाही. पण तो दाखला नीट वाचावा. धन्याने शेवटच्यांना जे दिले ते स्वतःच्या थैलीतून दिले. पहिल्यांना ठरलेले नाणे पुरतेपणी मिळाले. एकाचे काढून दुसऱ्याला देणे, याला त्या दाखल्यात आधार नाही. उदारता स्वतःच्या पैशाने करावयाची असते. दुकानाला कूपनवाल्याचे कौतुक असेल, तर त्याने त्यालाही द्यावे; अडयारचे नाव पुसून देऊ नये.

शिवाय 'शेवटचा' म्हणजे ज्याने शेवटी खरोखर काही केले तो. एखाद्या साधनाने सवलत शोधून दिली, तिच्यामुळे डळमळणारी ग्राहक खरेदीला तयार झाली, तर त्याच्या श्रमालाही मोल आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु जे साधन काहीच न शोधता, केवळ पैसे देण्याच्या खिडकीशी उभे राहून, येणाऱ्याच्या हातातील चिठ्ठी बदलते, ते शेवटचे काम करणारे नव्हे. ते केवळ शेवटी उभे राहिलेले आहे. नियम मध्यस्थाचे श्रम ओळखण्यासाठी केला होता. श्रमावाचून नियमाची अक्षरे पुरी करणे म्हणजे नियम पाळणे नव्हे, नियमाचा पोशाख चोरणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ती चित्रफीत पाहिली नसती तर नागपूरच्या भगिनीने यंत्र घेतलेच नसते, हे कशावरून? कदाचित बहिणीने सांगितले असेल, कदाचित वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली असेल. माणसाच्या मनातल्या निर्णयाचे खरे कारण कुणाला मोजता येत नाही. आणि जर गृहिणीचा वाटाच अनिश्चित असेल, तर तो चोरीला गेला असे निश्चितपणे कसे म्हणावे?

प्रिय वाचकहो, या आक्षेपाला उत्तर शोधताना आपल्याला मूळ प्रश्नाचेही उत्तर सापडते. खरे कारण मोजता येत नाही, म्हणूनच तर दुकान आणि मध्यस्थ यांनी एक खूण ठरवली. ही खूण असेल तर गिऱ्हाईक तू आणलेस असे आम्ही मानू, असा तो करार. सत्य स्वतः बोलू शकत नाही, तेथे खूण त्याच्या वतीने साक्ष देते. अशी साक्ष बदलणाऱ्याला, 'सत्य तरी कुणाला ठाऊक आहे?' असे विचारण्याचा अधिकार उरत नाही. कारण सत्य कळण्याचा एकुलता मार्ग त्यानेच बुजवला. दहा आज्ञांमध्ये चोरीची मनाई आणि खोट्या साक्षीची मनाई लागोपाठ येतात. कुकीची हेराफेरी या दोहोंच्या सांध्यावर बसते: ती आधी खोटी साक्ष आहे आणि त्या साक्षीच्या जोरावर केलेली चोरी आहे. जी व्याख्या केवळ हात पाहते तिला हा अपराध दिसत नाही; साक्ष पाहिली की तो स्पष्ट दिसतो.

त्याच नियमशास्त्रात आणखी एक मनाई आहे, ती येथे नेमकी लागू पडते. शेजाऱ्याच्या शेताच्या हद्दीची खूण सरकवू नये, असे तेथे बजावले आहे. बांध कोरणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. त्यात घरफोडी नाही, मारहाण नाही, काही उचलून नेणे नाही. एक दगड चार बोटे सरकतो, इतकेच. पण त्या दगडाने सारे शेत कुणाचे ते ठरते. कुकी हा आजच्या बाजारातला हद्दीचा दगड आहे. फरक इतकाच की तो सरकला हे दिवसाउजेडीही दिसत नाही.

मध्यस्थाच्या या मोहाला चेन्नई शहर तसे जुने साक्षीदार आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मद्रासचा व्यापार दुभाष्यांवर चालत असे. कंपनीच्या साहेबाला तमिळ-तेलुगू येत नसे, विणकराला आणि व्यापाऱ्याला इंग्रजी येत नसे. दोघांच्या मधली भिंत हीच दुभाष्याची मिळकत होती. एका बाजूचे बोलणे दुसरीला स्वतः तपासता येत नाही, म्हणून मधल्याच्या शब्दाला सोन्याचे मोल. कित्येकांनी ते मोल प्रामाणिकपणे कमावले. परंतु अवधानम पापय्या या दुभाष्याचे नाव निराळ्या कारणाने इतिहासात राहिले. डेव्हिड हॅलिबर्टन या कंपनीच्या अधिकाऱ्याला अडकवण्यासाठी खोटा पुरावा रचल्याच्या कटाबद्दल १७९२ साली मद्रासमध्ये त्याच्यावर खटला चालला आणि तो दोषी ठरला. चेन्नईच्या चूळै भागात त्याच्या नावाचा रस्ता आजही आहे. ज्याच्या हाती दोन पक्षांमधली एकमेव साक्ष आहे, त्याने साक्षच बनवली तर काय होते, याचा तो धडा आहे.

त्याच शहरात दुसऱ्या एका मध्यस्थाचीही आठवण जपलेली आहे. सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्चमध्ये ख्रिस्तियन फ्रीडरिक श्वार्ट्झ यांचे स्मारक आहे. तंजावरच्या मराठी राज्याचे सर्फोजीराजे दुसरे यांचे ते गुरू व पालक, म्हणून मराठी वाचकाला ते परके नाहीत. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करण्यासाठी धाडले. निघताना हैदरने वाटखर्चासाठी ३०० रुपये दिले. श्वार्ट्झ यांनी ते मद्रासला येऊन सरकारच्या स्वाधीन केले. सरकारने ते त्यांनीच ठेवावेत असा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी ती रक्कम तंजावरच्या मुलांच्या शाळेसाठी लावली. त्या बोलण्यांना यश आले नाही. १७८० साली हैदरची फौज कर्नाटकच्या मुलखात उतरलीच. मध्यस्थाचा प्रामाणिकपणा युद्ध थांबवू शकेलच असे नाही. पण दोन्ही बाजूंना मधल्या माणसाचा हिशेब उघडा दिसला, ही गोष्ट उरली. योगायोग असा की, ती रक्कमही आपल्या गृहिणीच्या कमिशनइतकीच होती. रक्कम लहान असली की विवेक सुटी घेतो, असा आपला अनुभव. श्वार्ट्झ यांचा विवेक ३०० रुपयांवरही जागा होता.

केवळ सज्जन माणसांच्या भरवशावर मात्र बाजार चालत नाही. आपल्याकडच्या धान्य-कापसाच्या बाजारांत पूर्वी हत्ता पद्धत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याला काही कळत नसे. त्या रुमालाखाली काय झाले याचा पुरावा कुणाकडेही नसे. उपाय निघाला तो उपदेशाने नव्हे, व्यवहार उघड्यावर आणल्याने. १८८६ साली वऱ्हाडातील कारंज्याला देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. पुढे उघड लिलाव आला. कुकीची देवघेव हा आजचा रुमाल आहे. तो उचलावयाचा तर काय करावे लागेल?

पहिली जबाबदारी दुकानाची. 'माझे पैसे तेवढेच जातात' असे म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत. मजूर कोण हे न पाहता खिडकीशी आलेल्या कुणालाही मजुरी देणारा मुकादम निर्दोष नसतो. आधीच्या मध्यस्थाची खूण दिसली तर कूपनवाल्या साधनाने मागे सरावे, असा नियम कमिशन वाटणाऱ्या काही व्यवस्थांनी केलेला आहे. तो पाळला जातो की नाही हे तपासणे दुकानाचे काम आहे. कोणती खूण केव्हा ठेवली गेली आणि केव्हा बदलली, याचा हिशेब मध्यस्थाला मागताच दिसला पाहिजे. आणि दुकानच जर आलेली खरेदी मोजायला 'विसरत' असेल, तर तो मजुरी दाबून ठेवण्याचा जुनाच प्रकार झाला.

दुसरी जबाबदारी साधन घडवणाऱ्याची. चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, पुण्याच्या हिंजवडीत, बंगळुरूत आपले कितीतरी तरुण अशा यंत्रणा लिहितात. दुसऱ्याची खूण पुसण्याच्या चार ओळी कुणीतरी माणूसच लिहितो. 'मला सांगितले ते मी केले' हे उत्तर मनाला थोडा वेळ पुरते. पण हद्दीचा दगड मालकाच्या हुकमाने सरकवला तरी हात गड्याचेच मळतात. नोकरी सोडा, असे सहज सांगणे सोपे आहे आणि ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे त्याला ते ऐकणे अवघड. निदान प्रश्न विचारता येतो, आक्षेप लेखी नोंदवता येतो. बऱ्याच वाईट गोष्टी कुणी विचारलेच नाही म्हणून होतात.

तिसरी जबाबदारी आपल्यासारख्या ग्राहकांची. फुकटचे साधन फुकट का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. कुणाच्या श्रमामुळे आपली निवड सोपी झाली असेल, तर खरेदीच्या वेळी त्याच्याच लिंकने जावे आणि मध्ये येणारे साधन बंद ठेवावे. खर्च काहीच नाही. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. आपल्यावर पाळत नको म्हणून एखादी व्यक्ती कुकी पुसून टाकते, किंवा चेन्नईच्या झोहो कंपनीने २०२३ साली काढलेल्या उला ब्राउझरसारखे माग रोखणारे साधन वापरते. त्यामुळेही मध्यस्थाचे कमिशन कधीकधी बुडते. ही चोरी नव्हे. आपल्या घराची खिडकी लावून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि त्या कृतीत दुसऱ्याच्या नावावर स्वतःचे नाव घालणे नाही. नुकसान दोन्हीकडे सारखे दिसले, तरी एक जण साक्ष देण्याचे नाकारतो आणि दुसरा खोटी साक्ष देतो.

चौथी जबाबदारी खुद्द मध्यस्थाची, आणि तिच्याविषयी आपण हात आखडता घेऊ नये. जो आपल्या मजुरीसाठी न्याय मागतो त्याची मजुरीही निर्मळ असावी लागते. कमिशनच्या लोभाने कच्चे यंत्र पक्के म्हणून सांगितले, तर नागपूरच्या भगिनीचे ६,००० रुपये बुडाले. ही चोरी ३०० रुपयांच्या चोरीहून मोठी आहे. लिंकमागे आपला लाभ आहे हे लपवणेही तसेच. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये असा लाभ उघड सांगण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. परंतु सूचना नसत्या तरी ते कर्तव्य होतेच. ज्याची साक्ष विकत मिळते त्याला आपल्यासाठी खऱ्या साक्षीची मागणी कोणत्या तोंडाने करता येईल?

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते: होय, मध्यस्थाचे कमिशन चोरीला जाऊ शकते, मग ते त्याच्या हाती आलेले नसो, त्याला ठाऊक नसो, आणि इतर कुणाचे काही गेलेले नसो. किंबहुना त्याला ठाऊक नाही, हेच या चोरीचे वेगळेपण आहे. घरफोडी झालेला माणूस निदान आरडाओरडा करतो, शेजारी धावून येतात. येथे ज्याचे गेले तो स्वतःलाच दोष देत बसतो: आपल्या कामात दम नाही, आपले कुणी ऐकत नाही. त्याचे पैसे जातात आणि पैशांबरोबर आपल्या श्रमावरचा विश्वासही जातो. ३०० रुपये कधीतरी भरून निघतील. तो विश्वास भरून द्यायला कुणाचे खाते उघडे आहे?

म्हणून पुढच्या वेळी पैसे भरण्याच्या पानावर एखादी चौकट पुढे येऊन कूपन शोधण्याची परवानगी मागेल, तेव्हा क्षणभर थांबावे. आपल्याला येथवर कुणी आणले, हे आपल्याला ठाऊक असते. यंत्राची साक्ष बदलता येते. आपली साक्ष अजून आपल्या हाती आहे.